धावपट्टीचं मानांकन

६ जानेवारी, सोमवार

नवी डायरी दरवर्षी काढतो आणि संक्रांतीपर्यंत विसरतो. या वर्षी कारण भक्कम आहे. मानांकन समितीचं पत्र आलं. चार आणि पाच फेब्रुवारीला समिती आमच्या मातोश्री उमरावबाई विद्यापीठात विमानविद्या विभाग तपासायला येणार. विभागप्रमुख मी, प्रा. हेमकांत पाटील. मानांकन मिळालं तर आमच्या पदवीला किंमत आणि मला अधिष्ठातापद. नाही मिळालं तर विभागाला कुलूप.

मी मूळचा भूगोलाचा माणूस. आयुष्यभर कॉलेजात ढग आणि वारे शिकवले. मग एक दिवस केवलचंदशेठ घरी आले. शेठ म्हणजे नंदुरबारचे मोठे मिरची व्यापारी, आणि आता आमचे कुलपती. उमरावबाई या त्यांच्या आई. म्हणाले, "सर, तुम्ले वारा समजस, ढग समजस. विमान कथा उडस? ढगमाच ना?" युक्तिवाद बिनतोड वाटला, म्हणून नोकरी घेतली.

विभागाकडे दोन जणांचं एक विमान आहे. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाकडून ट्रकवर घालून आणलेलं. इंजिन सुरू होतं, पंखा फिरतो, उडायचा परवाना नाही. शेठजींनी त्याच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आहे. धावपट्टी मात्र अस्सल आहे, सिमेंटची, विसरवाडी रस्त्यापासून पार टेकाडापर्यंत.

माझी रंजिता याच विभागात तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या तुकडीत एकही मुलगी येईना, तेव्हा मीच तिला घातली. तिला लहानपणापासून विमानाचं वेड आणि मला मुलींच्या रकान्यात एक नाव हवं होतं. योग छान जुळून आला.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर शैक्षणिक उद्दिष्टं लिहिली. नमनशेठ बरोबर होते. नमन हा शेठजींचा नातू, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेला, विद्यापीठाचा संचालक. वयाने रंजितापेक्षा थोडाच मोठा, पण पगार तो देतो, म्हणून मी शेठ म्हणतो.

"सर, विभाग सुरू करताना उद्दिष्टं काय ठरवली होती?"

मी म्हणालो, ठरवली असतील, पण सापडत नाहीत.

"उत्तम," नमनशेठ म्हणाले. "मग आधी आपण काय काय साध्य केलंय ते पाहू. तेच उद्दिष्ट होतं असं लिहू. पूर्ती शंभर टक्के."

मुलाचं डोकं खरंच चालतं. आमचे विद्यार्थी विमान धुतात, तेव्हा पहिलं उद्दिष्ट: विमानाविषयी आत्मीयता निर्माण करणे. विमान ढकलायला सगळा वर्ग लागतो, तेव्हा दुसरं: सांघिक भावना. मी तिसरं सुचवलं, विमान चालवता येणे. नमनशेठनी ते खोडलं. म्हणाले, हे मोजता येत नाही. मी म्हणालो, मोजता येतं की, शून्य. ते म्हणाले, "म्हणूनच, सर."

१२ जानेवारी, रविवार

रंजिताने आज जेवताना बॉम्ब टाकला. मध्य प्रदेशातल्या एका उड्डाण शाळेची परीक्षा तिने मला न सांगता दिली होती. तिथे एका मुलीला शिष्यवृत्तीची जागा असते. ती हिला मिळाली आहे.

"आप्पा, बारावीनं गुणपत्रक नि दाखला जोयजे. वीस फेब्रुवारीलगून असल कागद दाखाडना पडतीन."

मी सांगितलं, कागद विभागाच्या कपाटात आहेत. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांचेच ठेवून घेतले आहेत, शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय परत द्यायचे नाहीत असा नियम आहे.

"चावी ते तुमनाकडेच शे ना?"

चावी माझ्याकडेच आहे. पण समिती तोंडावर आली असताना विभागातली एकुलती एक मुलगी निघून गेली तर महिलांच्या रकान्यात काय लिहू? मी तिला शांतपणे समजावलं की समिती होऊन जाऊ दे, मग पाहू. आमची ही भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही पोरना बाप शेत का प्रिन्सिपल?"

मी घरीही शुद्ध मराठीत बोलतो. त्यामुळे घरात माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही. आज बोलले आणि दोघी एका बाजूला गेल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

काल समाजसंपर्क नावाच्या रकान्यासाठी सगळी तुकडी बसने तोरणमाळला नेली. तिथल्या आश्रमशाळेत आमच्या विद्यार्थ्यांनी कागदाची विमानं करून दाखवली. तिथल्या मुलांनी त्याहून चांगली करून आमच्याकडे उडवली. फोटो झकास आले.

परतताना घाटात रंजिता खिडकीतून खाली बघत म्हणाली की आपल्या विभागाने आजवर गाठलेली सगळ्यात जास्त उंची हीच. मला वाक्य आवडलं. अहवालात घेतलं आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

मोठाच पेच. मिरचीचा हंगाम भरात आहे आणि धावपट्टीवर शेठजींची वाळवणाची पथारी पडली आहे. विमान उडत नाही तर एवढी सपाट जागा मोकळी का ठेवायची, या विचाराने शेठजी दर हंगामात तिथे मिरची वाळवतात. जिल्ह्यात एवढं चांगलं खळं दुसरं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. विद्यार्थीही संध्याकाळी मिरची उलटायला मदत करतात. हजेरी तिथेच घेतो, कारण वर्गापेक्षा तिथे जास्त भरते.

मी शेठजींना हात जोडून म्हणालो, दोन दिवसांपुरती उचला.

"सर, वल्ली मिरची पोतामा भरी तं काळी पडी जाई," शेठजी म्हणाले. "समिती काय, दोन दिवसनी. मिरची ते लोकेसले वरीसभर खावानी शे."

धर्मसंकट आहे खरं. रंजिताने आज पुन्हा कागद मागितले. मी म्हटलं, बघ माझी अवस्था, मिरचीत अडकलोय. ती म्हणाली, "माले दिसी ऱ्हायनं."

३ फेब्रुवारी, सोमवार

नमनशेठनी मार्ग काढला. मिरची धावपट्टीच्या दोन्ही कडांना सारली, मधला पट्टा झाडून घेतला आणि मिरचीवर रोपवाटिकेची हिरवी जाळी अंथरली. लांबून पाहिलं तर थेट हिरवळ. जवळ गेलं तर नाकाला झिणझिण्या येतात, पण समितीला जवळ न्यायचंच नाही असं ठरलं आहे.

भाईदास उद्या इंजिन सुरू करून दाखवणार. भाईदास आमचे प्रयोगशाळा सहायक, मूळचे ट्रॅक्टर मिस्त्री. त्यांनी विमानाच्या आवाजात फरक पडावा म्हणून काहीतरी जास्त घट्ट केलं आहे. काय ते त्यांनाही नीट सांगता येईना.

विमान कुठे तोंड करून उभं करायचं यावर वाद झाला. मी म्हणालो, वाऱ्याकडे. शेठजी म्हणाले, शुभ काम आहे, तोंड पूर्वेलाच पाहिजे. पाहुण्यांचा मांडव आधीच पश्चिमेला घातला होता, टेकाडाच्या सावलीत. म्हणजे विमानाची पाठ पाहुण्यांकडे. पाठमोरं विमान बरं दिसेल का, एवढीच मला शंका होती. ती शेपटाला झेंडूची माळ घालून मिटवली.

दुपारी मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतली. "इथे तुम्ही काय शिकलात?" असं विचारलं की "सुरक्षितता, नेतृत्व आणि राष्ट्रबांधणी" म्हणायचं. रंजितालाही म्हणायला लावलं. तिने म्हटलं, पण माझ्याकडे न बघता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू आणि कसं लिहू. डोळे अजून चुरचुरतायत.

समिती वेळेवर आली. अध्यक्ष एक वयस्कर बाई, बरोबर दोन सदस्य. ओवाळणं झालं, टोपी-टॉवेलचा मान झाला. बाईंनाही टोपी दिली, कारण शेठजींच्या हिशेबात समिती म्हणजे वराकडची मंडळी. सादरीकरण झालं. उद्दिष्टं वाचून एक सदस्य म्हणाले, "इतकी साध्य होणारी उद्दिष्टं मी पहिल्यांदाच पाहतोय." मी आभार मानले.

मग सगळे मांडवात बसले. भाईदास विमानात चढले, इंजिन सुरू झालं. आवाज खरंच दणदणीत होता. शेठजी टाळ्या वाजवायला लागले. भाईदासना चेव आला आणि त्यांनी आणखी पीळ दिला.

आयुष्यभर मी मुलांना वारे शिकवले. व्यापारी वारे, मोसमी वारे, स्थानिक वारे. पंख्याचा वारा शेपटाकडे जातो, हे त्यात कुठेच नव्हतं. हिरवळीचं एक टोक उचललं गेलं. मग सगळी हिरवळ उठली आणि मांडवाकडे चालत आली. तिच्या मागून लाल ढग. हंगामाची अर्धी वाळलेली मिरची, बिया, देठ, भुकटी, सगळी समितीच्या अंगावर.

अध्यक्षबाई टोपीने तोंड झाकून बसल्या होत्या, म्हणजे टोपीचा उपयोग झाला. एक सदस्य जाळीत गुंडाळले गेले. मी ओरडलो, "बंद करा!" पण भाईदासना इंजिनच्या आवाजात ऐकू येईना. मी हात हलवले, त्यांना वाटलं शाबासकी देतोय. शेवटी रंजिता डोळ्यांवर ओढणी बांधून बाजूने धावत गेली आणि तिने आत हात घालून इंजिन बंद केलं. कोणती कळ ओढायची हे तिला बरोबर ठाऊक होतं. कुठून शिकली कोण जाणे, आमच्या अभ्यासक्रमात तर नाही.

सगळे रडत होते. समिती, कुलपती, विद्यार्थी, आचारी. शेठजी रडता रडता मिरची गोळा करायला सांगत होते. मी ताक आणि गूळ घेऊन धावलो. संपलं, असं मनात आलं. विभाग संपला, माझं पद संपलं, आणि पोरीची तीन वर्षंही पाण्यात गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

समिती गेली नाही. राहिली. अध्यक्षबाईंचे डोळे सुजले होते, तरी विद्यार्थ्यांशी बोलायला बसल्या. पहिला प्रश्न नेमका रंजिताला.

"तीन वर्षांत तू इथे काय शिकलीस?"

मी मागे उभा राहून ओठ हलवून सांगत होतो, सुरक्षितता, नेतृत्व.

रंजिता म्हणाली, "मॅडम, मी विमानात बसून धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले आहे आणि परत आले आहे. जमिनीवरूनच. विमान चालवायला मला येत नाही, इथे कोणालाच येत नाही. मिरची मात्र कधी पसरायची, कधी उलटायची, कोणती काळी पडणार, हे मला पक्कं येतं."

पोटची पोर! तेवढ्यात नमनशेठ उठले, जरासुद्धा न अडखळता.

"मॅडम, हाच आमचा वेगळा प्रयोग. स्थानिक उद्योगाशी जोडलेलं अनुभवातून शिक्षण. विमानशास्त्र आणि शेतमाल. काल आपण जे पाहिलंत ते त्याचंच प्रात्यक्षिक. पंख्याच्या वाऱ्याने मिरची लवकर वाळवायची."

एका सदस्याने मान डोलावली. "म्हणजे मुद्दाम केलं होतं?"

"प्रायोगिक अवस्थेत आहे," नमनशेठ म्हणाले.

सदस्यांनी लिहून घेतलं. भरभर, दोन्ही सदस्यांनी. अध्यक्षबाई एकट्या रंजिताकडे बघत होत्या. नंतर त्या तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. मी जवळ गेलो तर गप्प झाल्या. चांगलंच बोलल्या असणार.

घरी आल्यावर मी रंजितावर चिडलो. म्हणालो, एवढं पाठ करून घेतलं होतं. ती म्हणाली, "आप्पा, त्या बाईस्ना डोयामा पाणी व्हतं. मी खोटं कसं बोलू?" मी म्हणालो, अगं ते मिरचीचं पाणी होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मानांकन मिळालं!!

वरची श्रेणी. 'स्थानिक उद्योगाशी घातलेली सांगड अनुकरणीय आहे' असं अहवालात छापून आलं आहे. तळाशी अध्यक्षबाईंचं वेगळं मत जोडलं आहे, चांगलं पानभर, पण ते इतरांहून निराळं पडल्यामुळे धरलेलं नाही. नमनशेठ म्हणाले ते पान झेरॉक्सला द्यायचं नाही.

मी अधिष्ठाता झालो. शेठजींनी पेढे वाटले. पुढच्या हंगामात धावपट्टी रुंद करायची म्हणाले. विमानासाठी की मिरचीसाठी, ते मी विचारलं नाही.

एक अट आहे. ही तुकडी पुढे काय करते यावर समिती लक्ष ठेवणार. त्यामुळे एकही विद्यार्थी गळता कामा नये. नमनशेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "विशेषतः रंजिता. तिच्यासाठी मी नोकरीही काढली आहे. धावपट्टी पर्यवेक्षक. मिरचीच्या हंगामात पूर्णवेळ."

परवा तिची वीस तारीख. कपाटाची चावी माझ्या खिशात आहे, दिवसभर बोटांना लागत होती. दोनदा कपाटापाशी गेलो. एकदा उघडलंही. तिचं गुणपत्रक सगळ्यात वर होतं. भौतिकशास्त्रात एवढे गुण होते हे मी विसरलोच होतो. मग कोणीतरी "अधिष्ठाता साहेब" म्हणून हाक मारली आणि मी कपाट लावून घेतलं.

उद्या तिला समजावीन. इथे मान आहे, घराजवळ आहे, आता मानांकनही आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी ढोलताशे सुरू व्हायच्या आत रंजिता बॅग घेऊन दारात उभी. पाठीमागे तिची आई, हातात दशम्यांचा डबा.

"आप्पा, मी जास आते."

मी म्हणालो, "कागदांशिवाय?"

"नवा काढी लिधात. बोर्डमाईन. जानेवारीमाच अर्ज करेल व्हता. पोलीस ठेसनमा हरायनानी तक्रार दिधी का भेटतस."

"हरवले कुठे होते? कपाटात होते."

"हवालदारने बी हाईच इचारं, कथा हरायना? मी सांगं, बापना कपाटमा." ती हसली नाही. "त्याने लिखी लिधं."

मला राग यायला हवा होता. राग आला नाही, लाज वाटली. चावी माझ्याच खिशात होती, आणि पोरीला माझ्याविरुद्ध ठाण्यात जावं लागलं. जानेवारीतच गेली ती. मी 'समिती होऊन जाऊ दे' म्हणालो, त्याच महिन्यात.

स्टेशनवर तिघेही गेलो. तिने पाया पडून झाल्यावर विचारलं, "खरं सांगा आप्पा. आपली डिग्री लिसन मी विमान चालाडं असतं, ते तुम्ही नि माय त्याम्हा बठतात का?"

गाडी लागत होती. मी म्हणालो, "जागा पकड आधी." खिडकीतून तिने हात हलवला. ही पदराने डोळे पुसत होती.

नसतो बसलो त्या विमानात. हे इथे लिहून ठेवतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अधिष्ठाता म्हणून आज पहिला प्रवेश होणार होता. विसरवाडीचे गोवालभाऊ गावित मुलीला घेऊन आले. हायवेला त्यांचं टायरचं दुकान आहे. मुलगी यंदा बारावीला, शिवांजली नाव. नमनशेठनी त्यांना आधी अहवाल दाखवला, मग विमान दाखवलं, मग फॉर्म देऊन माझ्याकडे पाठवलं.

मी उद्दिष्टं सांगितली. आत्मीयता, सांघिक भावना. गोवालभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सर, आम्हाला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण नमनशेठ बोलले की सरांची स्वतःची मुलगी इथंच आहे. म्हटलं, मग भरवसा आहे."

"होती," मी म्हणालो.

"आता नाही?"

"आता ती विमान चालवायला शिकायला गेली."

मी हे अभिमानानेच सांगितलं. खरं तेच सांगितलं. गोवालभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग मागच्या भिंतीवरच्या मानांकनाच्या चौकटीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. नमनशेठ दारात उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मी काय चुकीचं बोललो ते मला क्षणभर कळेना, आणि कळल्यावरही शब्द मागे घ्यावेसे वाटेनात.

आता शिवांजली पुढे आली. तिने विचारलं, "कुठल्या गावाला, सर?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिने आमचा प्रवेशाचा फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला ते लिहून घेतलं. परीक्षा कधी असते तेही विचारलं. मी सांगितलं. भुसावळला गाडी बदलावी लागते, हेही सांगितलं.

"आणि बारावीचे असल कागद," मी म्हणालो, "कोणाकडे ठेवायला देऊ नकोस."